तेल की ड्रिपिंग, कुसुममावशी?

मावशी, तुम्ही गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाला लोकांनी फिश अँड चिप्स खाल्ले. तुम्हाला हवे होते तसेच, पण अगदी तसे नाहीत. हॅडॉक मासा होता, त्याची कातडी काढलेली होती, चिप्स जाड होते. फक्त तळले ते तेलात. ड्रिपिंगमध्ये नाही. आणि तेल घ्या असं सांगणारी मी होते.

तेव्हापासून मला भीती वाटते आहे. तुमच्या घरात एकटी राहण्याची भीती आहेच. जिन्याजवळ तुमचा कोट अजून लटकतोय आणि मी त्याच्याकडे न बघता वर जाते. पण ही भीती दुसरी. माझ्याबद्दल एक गोष्ट तुम्ही मनात धरून गेलात असं मला वाटतं. ती मी सगळ्यांसमोर खरी करून दाखवली की काय, अशी ही भीती.

मी फार बोलत नाही हे तुम्हाला माहीत आहे. लिहायला मला इंग्रजी सोपं गेलं असतं, सगळी शाळा त्याच भाषेत झाली. पण तुमच्याशी मी कधी इंग्रजीत बोलले नाही, आता कुठे सुरू करू?

पुण्याहून नोकरीसाठी इंग्लंडच्या दक्षिणेत स्लाऊला आले, तेव्हा तुमच्याकडची वरची खोली मला ऑफिसातल्या कुणीतरी सुचवली. दार उघडून तुम्ही मला वरपासून खालपर्यंत पाहिलंत आणि म्हणालात, "काहून घाबरून राहिली? मी नर्स होते, पोलीस नाही." चाळीसेक वर्षं इंग्लंडमध्ये काढूनही तुमचं नागपूर जसंच्या तसं होतं. हॉलमध्ये बुद्धमूर्ती, तिच्या वर निळ्या कोटातला फोटो, आणि बाजूला तुमच्या हॉस्पिटलच्या मैत्रिणींचे हसरे चेहरे. मी चपला कुठे काढायच्या हे विचारलं. तुम्ही विचारलंत, जेवलीस का. शुक्रवार होता.

शुक्रवारी या घरात चूल पेटत नाही, हा तुमचा नियम. उत्तरेत हडर्सफील्डच्या हॉस्पिटलात असताना लागलेली सवय. आमच्या घरात मासा कधी शिजलेला नव्हता, तसं मी सांगितलं. तुम्ही मला नुसते चिप्स आणलेत. पुढच्या शुक्रवारीही चिप्स. त्याच्या पुढच्या शुक्रवारी तुम्ही तुमच्या माशावरचं पिठाचं कवच काट्यानं फोडलंत आणि आतून वाफ आली. पांढऱ्या पाकळ्या एकेक सुटून पडत होत्या. मी बघत राहिले.

"बघून पोट भरते का?" तुम्ही म्हणालात. "घ्यायचं तर घे. नाही तर नजर लावू नको."

मी घेतलं. पुण्याला आईला सांगितलं नाही. तिथून माझं शिक्षण सुरू झालं, आणि तुम्ही काही सोप्या मास्तरीण नव्हतात. बॅटर पातळ हवं, काटा लावला की कडक् असा आवाज आला पाहिजे. आवाज नाही आला तर ते गोधडी पांघरलेलं मासळं. आत ओला पिठाचा थर राहिला तर तुम्ही डबा तसाच बंद करायचात. बटाटा जुना, पिठूळ. उन्हाळ्यात नवा बटाटा येतो, त्यात साखर जास्त, चिप्स लवकर तपकिरी होतात आणि मऊ पडतात. म्हणून जुलैत दुकानदाराला शिव्या घालायच्या नाहीत, देवाला घालायच्या, आणि देव नाही म्हणून कुणालाच नाही. व्हिनेगर आधी, मीठ नंतर, म्हणजे मीठ चिकटतं. हे मी एकदा उलट केलं तर तुम्ही टेबलावरून माझ्याकडे असं पाहिलंत, जणू मी पेशंटला चुकीचं इंजेक्शन दिलं होतं.

आणि मग तो तुमचा आवडता विषय, कोण कुठे काय खातं. दक्षिणेतले लोक कॉड खातात आणि कातडीसकट तळतात, तुमच्या मते केवळ आळसानं. यॉर्कशरमध्ये हॅडॉक, आणि कातडी काढल्याशिवाय कुणी विकायला ठेवणार नाही. लँकशरवाले चिप्सवर ग्रेव्ही ओततात. "वरण-भात समजून राहिले बापडे." बर्मिंगहॅमच्या पलीकडे कुठे तरी चिप्सना केशरी रंगाचं बॅटर लावतात, ते तुम्ही भजी म्हणून माफ केलं होतंत. एडिनबराला तुमची एक मैत्रीण होती, ती चिप्सवर तपकिरी सॉस घालायची. बाकी सगळ्या बाबतीत चांगली बाई, असं तुम्ही म्हणायचात. मऊ शिजवलेल्या वाटाण्यांना तुम्ही 'वाटाण्याचं पिठलं' म्हणत होतात, आणि जगातल्या सगळ्या नियमांपैकी एक फक्त तुम्ही मोडत होतात: त्या पिठल्यात घरचा ठेचा. माशाला मात्र ठेचा लावू देत नव्हतात.

कोपऱ्यावरच्या दुकानात तुम्ही दर वेळी तळणीतला चुरा मागायचात. उत्तरेत तो मूठभर फुकट देतात. काउंटरवरचा पंजाबी भाऊ दर वेळी हसायचा. "आंटीजी, वो तो हम फेंक देते हैं." तुम्ही दर वेळी म्हणायचात, "म्हणूनच तुमचं दुकान दुकानच राहिलं." मी मागे उभी राहून बुटांकडे बघायचे.

पण सगळ्यात मोठं दुःख चरबीचं. इकडे सगळे तेलात तळतात, तेलाला वास नाही, जीव नाही. "एकदा तुला तिकडं नेते," तुम्ही म्हणायचात, "मग समजेल." तिकडे कशात तळतात ते मी विचारलं नाही. ड्रिपिंग हा शब्द तुमच्या तोंडून कितीदा ऐकला होता. मला वाटलं तळायची काहीतरी पद्धत असेल, निथळवण्याची वगैरे. न कळलेलं विचारायचं नाही, ही माझी जुनी सवय.

तो हडर्सफील्डचा शनिवार. तुमच्या जुन्या हॉस्पिटलातल्या मैत्रिणीला भेटायला गेलो आणि मग तुमच्या त्या दुकानात. पांढऱ्या टाइल्स, रांगेत पेन्शनर, काचेवर वाफ. काउंटरमागच्या बाईनं तुम्हाला ओळखलं आणि "हॅलो, लव्ह" म्हणाली तेव्हा तुमचा चेहरा एकदम तरुण दिसला. तुम्ही दोन हॅडॉक सांगायला लागलात. मी तुमची बाही ओढून म्हणाले, मला फक्त चिप्स.

त्या दिवशी संकष्टी होती, मावशी. आईला मी वचन दिलं होतं, इथे आल्यापासून प्रत्येक संकष्टी धरत होते, तुमच्या नकळत. ऑफिसच्या दिवशी ते सोपं जायचं. तुम्हाला सांगायचा धीर झाला नाही. त्या बुद्धमूर्तीसमोर, त्या फोटोसमोर बसून मी उपास करते हे कसं सांगायचं? तुम्ही हसाल, का गप्प बसाल, मला माहीत नव्हतं, आणि गप्प बसण्याला मी जास्त घाबरत होते. चिप्स म्हणजे बटाटा आणि मीठ. उपासाला चालतो. व्हिनेगरलाही मी नको म्हटलं, तुम्ही भुवया उंचावल्यात.

असे चिप्स मी कधी खाल्ले नव्हते. बाहेरून कुरकुरीत, आत लोण्यासारखे, आणि काहीतरी खोल, भाजल्यासारखी चव. मी भराभर खात होते. तुम्ही माझ्याकडे बघत होतात, खूश होऊन. मग मी पाणी प्यायला मान वर केली आणि भिंतीवरची पाटी वाचली. आम्ही पारंपरिक पद्धतीनं बीफ ड्रिपिंगमध्ये तळतो, असं त्यावर मोठ्या अक्षरांत, अभिमानानं लिहिलं होतं. ड्रिपिंग म्हणजे गाईची चरबी.

माझा हात तिथेच थांबला. कागद मी हळूच पुढे सरकवला.

"काय झालं?"

"पोट भरलं."

तुम्ही पाटीकडे पाहिलंत, मग माझ्याकडे. "तुला माहीत नव्हतं?"

मी नाही म्हणून मान हलवली. आणि मग ते तोंडातून निघालं, की आज उपास आहे.

"उपास? आणि बोलली काहून नाही?" तुमचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "मी तुला फसवून खाऊ घातलं असं वाटून राहिलं का?"

"नाही, मावशी."

"मग आवडलं नाही?"

मी काहीच बोलले नाही.  तुम्ही तुमचा डबा माझ्यापासून दूर ओढून घेतलात आणि म्हणालात, "घाबरून कोणी खाऊ नये. राहू दे."

परतीच्या ट्रेनमध्ये तुम्ही खिडकीकडे बघून एक गोष्ट सांगितलीत. नागपूरला तुमच्या वर्गातली एक मुलगी तुमच्या घरी अभ्यासाला आली होती. तुमच्या आईनं भजी तळली, तिच्या हातात कागदात बांधून दिली. ती पेन्सिल विसरली म्हणून तुम्ही मागे धावलात. गल्लीच्या वळणावर ती भजी गटारात टाकताना तुम्हाला दिसली. ती वाईट नव्हती, तुम्ही म्हणालात, तीही घाबरलीच होती. पेन्सिल तुम्ही दिली नाहीत. घरी येऊन आईला सांगितलंत, तिला फार आवडली.

एवढं सांगून तुम्ही डोळे मिटलेत. मला म्हणायचं होतं की मी ती मुलगी नाही. पण जे झालं ते त्याच गोष्टीसारखं दिसत होतं, आणि तसं नाही हे सांगायला जे शब्द लागले असते ते सगळे अपमानासारखे वाटत होते. चरबीमुळे, तुमच्यामुळे नाही. असं वाक्य माणूस कसं उच्चारतो? मी स्लाऊपर्यंत उच्चारलं नाही. नंतरही नाही.

शुक्रवार चालू राहिले. तेलातले, कोपऱ्यावरच्या दुकानातले. तुम्ही चेष्टा करत राहिलात. पण उत्तरेला मला परत कधी बोलावलं नाहीत, आणि मीही कधी म्हटलं नाही की चला.

मग या हिवाळ्यात एका शुक्रवारी, वाटाण्यात ठेचा कालवताना, तुम्ही म्हणालात, "मी गेल्यावर लोकांना तो पुलाव आणि गुलाबजाम नको देऊ. फिश अँड चिप्स दे. हॅडॉक. कातडी काढून. ड्रिपिंगमधला."

"मला काय सांगता? लेकीला सांगा, रश्मीताईंना."

"रश्मीला सांगितलं तर ती रडते. तू नुसती घाबरते. घाबरणारं माणूस विसरत नाही."

मी म्हणाले असं बोलू नका. तुम्ही म्हणालात, वाटाणे घे. तुम्हाला तेव्हाच काही कळलं होतं का, हे मी आता स्वतःला विचारते आणि थांबवते.

तुम्ही गेलात आणि तुमच्या जेवणाच्या टेबलाशी रश्मीताई आणि मेश्रामकाका बसले. तुमच्याच गल्लीतले, नागपूरहून तुमच्यानंतर आलेले, विहाराचं सगळं बघणारे मेश्रामकाका. मी चहा करत होते. काकांनी केटररला पुलाव सांगायचं ठरवलं होतं. मी कप ठेवताना म्हणाले, "मावशींनी फिश अँड चिप्स द्यायला सांगितलं होतं." माझा आवाज इतका बारीक होता की ताईंनी मला परत बोलायला लावलं.

"आई असं बोलला? रिअली?" इथेच वाढलेल्या, मोडकी मराठी बोलणाऱ्या ताई हसायला लागल्या आणि हसता हसता रडायला. "मला कधीच नाही सांगितला."

काका चष्मा काढून बसले. "बेटा, पंचशील घेऊन उठायचं आणि मासे तळायचे? लोक काय म्हणतील?"

"काका, आई लोकांना विचारून कधी जेवला?" ताई म्हणाल्या.

"तेही खरं आहे," काका म्हणाले, आणि थोड्या वेळानं, "हॅडॉक म्हणाली असेल. कॉड तिला चालायचा नाही." विहारात नाही, बाजूच्या कम्युनिटी हॉलमध्ये कार्यक्रम करायचा, त्याच्या पार्किंगमध्ये तळणीची गाडी उभी करायची, वंदना आणि आदरांजली झाल्यावर ज्याला हवं त्यानं बाहेर येऊन खायचं, असं ठरलं. इथे लग्नाला, वाढदिवसाला, मयतालासुद्धा फिश अँड चिप्सची गाडी बोलावता येते. ताईंनी फोन स्पीकरवर लावला. गाडीवाल्याचा आवाज उत्तरेतला होता, ते ऐकून ताईंना पुन्हा रडू आलं. त्यानं सगळं लिहून घेतलं आणि विचारलं, ऑइल की ड्रिपिंग? दोन्ही नाही जमणार, गाडीत तेवढी जागा नसते.

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. काकांनी पाहिलं. फोनमध्ये तो माणूस थांबला होता.

"आई काय बोलला होता?" ताईंनी विचारलं.

"ड्रिपिंग," मी म्हणाले. आणि मग, मावशी, मी म्हणाले, "पण तेल घ्या."

मग मला पुढे बोलावं लागलं. शेजारच्या पटेलआंटी येणार, त्या निदान चिप्स तरी खातील. समोरचं खान कुटुंब येणार, त्यांना हलाल नसलेली चरबी चालत नाही. वेम्बलीहून मावशींच्या ओळखीच्या बायका येणार, त्यांच्यात कोण काय खातं मला माहीत नाही. कुणाच्या हातात डबा असेल आणि खाता येत नसेल, तो डबा घेऊन ते कुठे जातील? मावशींच्या जेवणातून कुणाला लपून जावं लागू नये. असं काहीतरी मी बोलले. एवढं लांब मी त्या घरात कधी बोलले नव्हते. 

"ऑइल," ताईंनी फोनमध्ये सांगितलं. काका म्हणाले, "बरोबर बोलली पोरगी." मी कप उचलून स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभी राहिले, कारण पहिलाच विचार आला तो तुमचा. तुम्ही म्हणाला असतात, बघ, शेवटी काढलंच ना ड्रिपिंग ताटातून.

त्या दिवशी हॉल भरला होता. त्रिशरण झालं, लोक बोलले. तुमच्याबरोबर काम केलेल्या एका गोऱ्या बाईंनी सांगितलं की वॉर्डात नव्या मुली रडल्या की तुम्ही त्यांना चिप्स खायला न्यायचात. मला माहीत नव्हतं की असं तुम्ही आणखीही मुलींना नेलंत. मग सगळे पार्किंगमध्ये आले. थंडी होती, डब्यांतून वाफ निघत होती. पटेलआंटींनी चिप्स घेतले, मुठीनं मीठ मारून. खानकाकांनी हॅडॉक घेतला आणि बॅटरचा कडक् असा आवाज आला, मी ऐकला. मेश्रामकाकांनी, सगळे बघतायत की नाही ते बघून, वाटाण्यात ठेचा घातला. ताई तुमच्यासारखाच चुरा मागायला गाडीशी गेल्या आणि त्या माणसानं काही न विचारता मूठभर दिला.

ताईंनी एक घास घेतला आणि माझ्या कानाशी म्हणाल्या, "आई असता तर बोलला असता, ह्याला काय चव."

"हो," मी म्हणाले. खरंच चव नव्हती, मावशी. तुमचं बरोबर होतं.

सगळे गेल्यावर मी हॉलच्या मागे गेले. कचऱ्याच्या पिंपांची झाकणं उघडून बघितली. मला कुणी विचारलं असतं तर काय सांगितलं असतं देव जाणे. डबे रिकामे होते. एका डब्यात मासा होता, अर्धा, आणि मी त्याच्याकडे बघत उभी राहिले, मग लक्षात आलं की तो कुणा लहान मुलाचा असणार, काठ काठ खाऊन मधला ठेवलेला. मी झाकण लावलं.

सगळे जेवले, हे मी तुम्हाला सांगू शकते. पण तेल मी त्यांच्यासाठी निवडलं की माझ्यासाठी, हे मला सांगता येत नाही. पटेलआंटींचं नाव घेताना मी त्यांच्या आड लपले होते का? खरं सांगायचं तर त्या क्षणी मला दोन्ही ऐकू येत होतं, आणि कुठला आवाज मोठा होता ते आता आठवत नाही. तुम्ही असतात तर टेबलाशी बसवून विचारलं असतंत आणि उत्तर मिळेपर्यंत वाटाणे दिले नसतेत.

त्या शनिवारी दुकानात तुम्ही एक प्रश्न विचारला होतात आणि मी उत्तर दिलं नव्हतं. हे कुठे छापून आलं तर पुण्याला आई वाचेल, याची मला भीती वाटते. तरी लिहिते.

आवडलं होतं, मावशी. पाटी वाचण्याच्या आधी आवडलं होतं, आणि पाटी वाचल्यावरही ती चव तोंडात होती आणि ती जाऊ नये असं मला वाटत होतं. हात थांबला तो त्यामुळे. आणखी एक घास घेतला तर मी आता कुणाची, हे मला कळेना. तुम्हाला माझ्या चेहऱ्यावर जे दिसलं, ते तुम्ही नागपूरच्या गल्लीत एकदा पाहिलेलं होतंत, म्हणून तुम्ही त्याला तेच नाव दिलंत. तुमची चूक नाही. मी नाव सांगितलंच नाही.

ती किळस नव्हती. तुमच्या घरात, तुमच्या हातून, मला किळस एकदाही आली नाही.